वांग, ऊन आणि कोलॅजनचा डबा

हिंगोलीच्या गांधी चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरमागची मधली फळी सगळ्यांत मोक्याची. गिऱ्हाईक चिठ्ठी देऊन औषधाची वाट पाहत उभं राहतं, तेव्हा त्याची नजर तिथेच जाते. पूर्वी या फळीवर मुलांच्या ताकदीच्या पावडरी आणि कॅल्शियमच्या गोळ्या असायच्या. आता कोलॅजनचे डबे आहेत. गुलाबी, पांढरे, सोनेरी. एकावर मासा, एकावर संत्र्याची फोड, बहुतेकांवर तुकतुकीत गालाची मुलगी. दोनशे-अडीचशे ग्रॅमचा डबा, छापील किंमत हजाराच्या पुढे. रोज एक मोठा चमचा पाण्यात कालवून प्यायचा. महिन्याभरात डबा संपतो.

'देह आणि बाजार' हे यंदाच्या अंकाचं सूत्र संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हे डबे आठवले. मुंबई-पुण्यातल्या बायका कोलॅजन घेतात, यात आता नवल राहिलेलं नाही. पण जिथे अर्ध्याहून अधिक बायकांचा दिवस रानात जातो, जिथे चैत्रातल्या उन्हात हळद शिजते आणि वाळते, तिथे हा डबा कोण घेतं, कशासाठी घेतं आणि त्यातून तिच्या हाती काय लागतं, हे जाऊन बघावं असं वाटलं. म्हणून हिंगोली. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा छोटा जिल्हा.

दुकानदार मोकळेपणाने बोलले. डबे नांदेडहून येतात. घेणाऱ्यांत शिक्षिका आहेत, नर्स आहेत, लग्न ठरलेल्या मुली आहेत. अलीकडे खेड्यांतूनही बायका येतात, मोबाइलमध्ये फोटो दाखवतात आणि "हेच द्या" म्हणतात. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यावर पडले की आठवडाभर या फळीकडे जास्त हात जातात, असंही ते म्हणाले. त्या पैशावर त्या बायकांचा पूर्ण हक्क आहे. आयुष्यभर घरासाठी खर्च केलेल्या बाईने एखाद्या महिन्याचा पैसा स्वतःच्या चेहऱ्यासाठी खर्च केला, तर तिला बोल लावणाऱ्यांतली मी नाही. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की तिला हवं ते या डब्यात आहे का.

याचं उत्तर दुकानातच अर्धंअधिक मिळालं. कळमनुरीकडच्या एका गावातून आलेल्या पस्तिशीच्या बाई डबा हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "भाऊ, ह्यानं वांग जातंय का?"

दोन्ही गालांच्या उंचवट्यावर आणि कपाळावर त्यांना तपकिरी डाग होते. दुसऱ्या बाळंतपणात उमटलेले आणि नंतर न गेलेले. पुढे ज्या ज्या बायकांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकींचा प्रश्न वांगाचाच होता. सुरकुत्यांबद्दल क्वचित कुणी बोललं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत उन्हाचा मार आधी डागांच्या रूपात दिसतो, सुरकुत्या नंतर येतात. गोऱ्या कातडीचं उलट असतं. कोलॅजनवरचे दावे आहेत ते सुरकुत्या, लवचिकपणा आणि ओलावा यांबद्दल. वांग म्हणजे रंगद्रव्याचा, मेलॅनिनचा प्रश्न. तो कातडीच्या वरच्या थरातला, कोलॅजन खालच्या थरातलं. म्हणजे त्या बाईला जे हवं होतं त्याचं वचन मुळात त्या डब्याने दिलेलंच नव्हतं. पण हे तिला सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि डब्यावरची मुलगी निराळंच काही सांगत होती.

तीन पेडांची दोरी

कोलॅजन ही काही नवी चीज नाही. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रथिन हेच. हाडं, कूर्चा, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, डोळ्याचं बुबुळ, सगळीकडे ते आहे. कातडीच्या आतल्या जाड थराचं कोरडं वजन केलं तर त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजनचा भरतो. गाल दाबून सोडला की तो परत वर येतो तो या जाळीमुळे आणि तिच्यात विणलेल्या इलॅस्टिनमुळे.

त्याची रचना उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. १९५२ मध्ये जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल त्या सुमारास तिथे येऊन गेले आणि कोलॅजनचं कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही, हे त्यांच्या बोलण्यातून रामचंद्रन यांच्या मनात बसलं. शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तिथल्या मंडळींच्या मदतीने नमुने मिळाले. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून काढलेली चित्रं त्यांत सर्वांत स्वच्छ आली. १९५४ मध्ये रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 'नेचर'मध्ये मांडलं, की कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या असतात. पुढच्या वर्षी सुधारणा करून त्यांनी दाखवलं, की त्या तिन्ही एकमेकींभोवती पीळ घेतात, तीन पेडांच्या दोरीसारख्या. हा पीळ घट्ट बसावा म्हणून साखळीतलं प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असावं लागतं, कारण आतल्या अरुंद जागेत तेवढंच लहान आम्ल मावतं.

कोलॅजनच्या अभ्यासाला चामड्याची संस्था उपयोगी पडली हे स्वाभाविकच होतं. चामडं म्हणजे टिकवलेलं कोलॅजन. मराठवाड्यातल्या ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची आणि तरवडाची साल भिजवून तिच्या पाण्यात कातडी कमावली. सालीतलं टॅनिन कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकतं, मग ते कुजत नाहीत. विहिरीवरच्या मोटा त्या कातड्याच्या होत्या, जोडे, चाबूक आणि ढोलकीची पानंही. ज्या हातांना हे ज्ञान होतं त्यांना गावाने शिवलं नाही. तेच कातडं आता दळून, शुद्ध करून, सुगंध लावून डब्यात आलं आहे आणि लोक ते देवघराशेजारच्या फडताळात ठेवतात. याचा आनंद मानावा की खंत करावी, हे मला ठरवता आलेलं नाही.

या दोरीला पीळ पडण्यासाठी शरीराला आणखी एक गोष्ट लागते ती म्हणजे क जीवनसत्त्व. ते नसेल तर प्रोलिन या आम्लावर होणारी एक रासायनिक क्रिया अडते आणि दोरी सैल राहते. पूर्वी लांबच्या सफरीवरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. तो स्कर्व्ही रोग याच कमतरतेचा. औंढ्याच्या रस्त्यावर हिवाळ्यात टोपलीत मिळणारा आवळा आणि पेरू ही गरज भागवतात. लिंबूही काही प्रमाणात भागवतं.

तपकिरी त्रिकोण

डबा कुठून येतो हे कळलं तर पुष्कळ गैरसमज दूर होतात. कोलॅजन फक्त प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. एकाही झाडात, फळात, शेंगेत ते नसतं. कारखान्यात ते येतं गुरांची कातडी आणि हाडं, डुकराची कातडी, माशांची खवलं आणि त्वचा यांतून. हाडं आम्लात ठेवून त्यांतलं कॅल्शियम विरघळवतात. उरतो तो मऊ भाग म्हणजे ओसीन. तो उकळला की पिळाची दोरी उलगडते आणि जिलेटिन मिळतं, तेच जे औषधाच्या कॅप्सूलला आणि जेलीला लागतं. जिलेटिनचे विकरांनी आणखी बारीक तुकडे केले, की थंड पाण्यातही विरघळणारी पावडर तयार होते. तिला कोलॅजन पेप्टाइड म्हणतात. कोचीची निट्टा जिलेटिन इंडिया हे बनवते. जबलपूर, वापी, वडोदरा इथेही जिलेटिनचे जुने कारखाने आहेत.

घरगुती रीतीने हेच काम पाया रस्सा करतो. रात्रभर मंद आचेवर उकळलेले बकऱ्याचे खूर सकाळी गार झाल्यावर थरथरीत घट्ट होतात, ते जिलेटिनमुळे. हिंगोली आणि वसमतच्या मोहल्ल्यांत बाळंतिणीला आणि हाड मोडलेल्याला पाया देण्याची पद्धत आहे.

हिंगोली हा संत नामदेवांचा जिल्हा. नर्सी नामदेव इथून जवळ. गळ्यात तुळशीची माळ घातलेली कुटुंबं इथे गावोगाव आहेत आणि त्या घरांत अंडंसुद्धा येत नाही. नर्सीच्या वाटेवरच्या एका गावात बचतगटाच्या बैठकीला बसले होते. एका सुनेने आपला डबा आणून दाखवला. त्याच्या मागे, कोपऱ्यात, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण होता. मांसाहारी पदार्थाची खूण. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पूर्वीच्या तपकिरी गोल ठिपक्याच्या जागी ती आणली. रंग न ओळखता येणाऱ्यांनाही ती कळावी, हा त्यामागचा विचार. तिला खूण माहीत नव्हती. समोर माळकरी सासूबाई बसल्या होत्या. मी क्षणभर थांबले, मग सांगितलं. लपवणं मला बरोबर वाटलं नाही. सून गप्प झाली, पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिला काय माहीत बाई, लिहिलेलं सगळं इंग्लिशात." डब्यावरचा दोष त्यांनी डब्यालाच दिला, सुनेला नाही, हे मला फार मोलाचं वाटलं.

शाकाहारी लोकांसाठी बाजाराने दुसरा डबा काढला आहे. त्यावर हिरवी खूण असते आणि 'कोलॅजन बिल्डर' असं लिहिलेलं असतं. त्यात कोलॅजन नसतं. आवळ्याचा अर्क, बायोटिन, बांबूपासून काढलेलं सिलिका, असं काहीबाही असतं आणि किंमत तितकीच. कायद्याच्या भाषेत हे दोन्ही डबे औषध नव्हेत, पूरक आहार आहेत. 'औषधी वापरासाठी नाही' असं त्यांच्यावर छापावंच लागतं. ते छापलेलं असतंही, पण ज्या आकाराच्या अक्षरांत असतं ती अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत.

पोटात गेल्यावर

कोलॅजन प्यायलं की ते थेट गालावर जाऊन बसत नाही. डाळीचं प्रथिन जसं पचतं, तसंच तेही पचतं. जठरात आणि आतड्यांत त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लं बनतात. शरीर ती जिथे गरज असेल तिथे वापरतं, मग तो गाल असो, यकृत असो की रक्तपेशी. पण गोष्ट इथेच संपत नाही आणि कोलॅजनच्या बाजूने जे आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही तुकडे पूर्ण न तुटता, दोन आम्लांच्या जोडीने रक्तात उतरतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. अशा जोड्या कातडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना नवं कोलॅजन विणायला उत्तेजन देत असाव्यात, असं अनुमान आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याला काही आधारही मिळाला आहे.

मग माणसांवरचे प्रयोग काय सांगतात? २०१४ मध्ये जर्मनीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ बायकांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. रोज अडीच किंवा पाच ग्रॅम कोलॅजन घेणाऱ्यांच्या त्वचेची लवचिकता वाढल्याची नोंद झाली. २०२३ मध्ये २६ प्रयोगांचा एकत्र आढावा आला आणि त्यानेही ओलावा व लवचिकता सुधारते, असं म्हटलं. डब्यांच्या जाहिरातींत हेच आकडे फिरतात.

जाहिरातीत जे येत नाही ते २०२५ चं आहे. 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २३ प्रयोगांचा, १,४७४ जणांचा आढावा प्रसिद्ध झाला. सगळे प्रयोग एकत्र धरले तर फायदा दिसतो. मग संशोधकांनी एक साधी वाटणी केली. कंपनीच्या पैशाने झालेले प्रयोग एकीकडे आणि तसे नसलेले दुसरीकडे. कंपनीचा पैसा नसलेल्या प्रयोगांत ओलावा, लवचिकता, सुरकुत्या, कशातच फरक आढळला नाही. काटेकोर पद्धतीने केलेले प्रयोग वेगळे काढले तरी तेच. मला या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो. त्याचा अर्थ कोलॅजन विष आहे असा नाही. बहुतेकांना त्याने अपाय होत नाही, फार तर पोट जड होतं. अर्थ एवढाच, की दर महिन्याला हजार-दीड हजार मोजावेत इतका भक्कम पुरावा त्याच्यामागे नाही.

प्रथिन म्हणूनही ते अपुरं आहे. शरीराला बाहेरूनच घ्यावं लागतं असं ट्रिप्टोफॅन हे आम्ल त्यात नसतंच. म्हणून आहारशास्त्राच्या मोजमापात एकट्या कोलॅजनची प्रत शून्य धरतात.

हळदीच्या रानात

कातडीतलं कोलॅजन घटतं कशाने, हा प्रश्न मला डब्यापेक्षा जास्त मोठा वाटतो. वयाने घटतं हे खरं. तरुणपणानंतर वर्षाला साधारण एक टक्का. पण सर्वांत मोठा मारेकरी ऊन आहे. अतिनील किरण कातडीत शिरले की कोलॅजन कापणारी विकरं जागी होतात. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. २८ वर्षं त्याने ट्रक चालवला. खिडकीकडची, म्हणजे तिकडे डावी, बाजू जाड सुरकुत्यांनी लोंबलेली आणि उजवी बाजू वीस वर्षांनी तरुण वाटावी अशी. काचेतून आलेल्या उन्हाने केलेलं हे काम. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतात. हिंगोली आगारातल्या एखाद्या जुन्या एसटी चालकाचे दोन गाल पाहावेत.

हळदीचं काम या उन्हातलंच. सेलम जातीची हळद मृगाच्या आगेमागे लागते आणि माघ-फाल्गुनात निघते. पाला कापायचा, नांगर किंवा ट्रॅक्टरने गड्डे उकलायचे, मग बायकांनी रांगेने बसून माती झटकत ते वेचायचे, हळकुंड आणि गड्डा वेगळा करायचा. पुढे कुकरमध्ये शिजवणी. पूर्वी मोठ्या कढईत व्हायची, आता वाफेचे बॉयलर गावोगाव भाड्याने मिळतात. शिजलेली हळद उघड्यावर पंधरवडा वाळते आणि ती उलथीपालथी करणारी बाई त्या पंधरवड्यात तिच्यासारखीच वाळते. मग पॉलिशचा ड्रम, मग हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड नाहीतर वसमतचा बाजार. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला हळद संशोधन केंद्रही उभं राहतंय.

जी हळद लग्नघरातल्या मुलीची कांती उजळावी म्हणून लावली जाते, तिच्या पिकात राबणाऱ्यांचे हात मी पाहिले. बोटांच्या पेरांवर पिवळ्या रेघा आणि त्या रेघांमध्ये भेगा. हळदीवर आपला विश्वास जुना आहे आणि त्याला जगाच्या कचेरीत मान्यताही मिळाली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून ठेवले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. लढाई जिंकली ती हे ज्ञान आपलं आहे यासाठी. हळदीने म्हातारपण थांबतं असं त्यात कुठे सिद्ध झालं नाही. हळदीतल्या कुरकुमिनच्या गोळ्याही आता त्याच फळीवर दिसतात. कुरकुमिन पोटातून रक्तात फार कमी शोषलं जातं, ही त्यांची जुनीच अडचण.

रानात बायकांनी शोधलेला उपाय मात्र मला मनापासून पटला. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट रुमाल आणि तोंडावर पदराचा आडोसा. जाड, गडद विणीचं कापड अतिनील किरणांना अडवतं आणि घामाने उतरून जात नाही. हा सदरा अनेकींना लाजिरवाणा वाटतो. फोटो काढायला लागले तेव्हा दोघींनी तो आधी काढून ठेवला. मी त्यांना म्हटलं, तो राहू द्या, तुमच्या कातडीचं सगळ्यांत मोठी राखण तोच करतो.

आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल सौंदर्याच्या बाजारात कुणी बोलत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन सुमारे तीस टक्क्यांनी उतरतं. हे पन्नाशीच्या आसपास व्हावं असं निसर्गाने ठरवलेलं आहे. मराठवाड्यात अनेक बायकांच्या बाबतीत ते पस्तिशीतच होतं, कारण त्यांचं गर्भाशय काढलेलं असतं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. अंडाशयं काढली तर पाळीबरोबर इस्ट्रोजेन एकदम थांबतं. ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात, कातडी पातळ होते. ऊसतोडीला हिंगोलीतूनही टोळ्या जातात. सेनगाव तालुक्यात भेटलेल्या एका बाईचं वय मी पंचावन्न धरलं होतं, तिने चाळीस सांगितलं. "पिशवी काढल्यापासून अंगच सुकलं," ती म्हणाली. तिच्यासाठी बाजारात डबा आहे. तिची शस्त्रक्रिया खरोखर गरजेची होती का, हे विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं.

डब्यापेक्षा घातक ट्यूब

कोलॅजनवर एवढं लिहिताना मला सारखी भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. वांगासाठी डब्याकडे वळण्याआधी बहुतेक बायकांनी एक ट्यूब वापरलेली असते. कुणी पार्लरमधून आणलेली, कुणी जावेची उरलेली, कुणी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय. या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं, कधी रंग फिका करणाऱ्या हायड्रोक्विनोनबरोबर मिसळलेलं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. बंद केली की दुप्पट काळवंडतो, म्हणून ती बंदच होत नाही. वर्षभराने कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव येते, उन्हात गेलं की आग होते. आणि इथेच कोलॅजनचा धागा परत जुळतो. स्टेरॉइड कातडीत नवं कोलॅजन तयार होणं थांबवतं. म्हणजे एक बाई शंभर रुपयांच्या ट्यूबने आपलं कोलॅजन रोज जाळते आणि दीड हजारांच्या डब्याने ते भरायला बघते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या ट्यूबांविरुद्ध बरीच वर्षं लढा दिला. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणली. यादी कागदावर आहे. कागद आणि काउंटर यांत अंतर आहे.

गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा असण्याचा धोका तर आणखी जवळचा. हिंगोलीहून फार लांब नसलेल्या अकोल्यात एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाने शोध घेतला, तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. क्रीम पार्लरमधून आणलेली होती.

म्हणून डबा की ट्यूब असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. डब्याने पैसे जातात. ट्यूबने चेहरा जातो, आणि पाऱ्याने मूत्रपिंड.

दीड हजारांचं ताट

कोलॅजन शरीर स्वतः बनवतं. त्याला कच्चा माल लागतो तो म्हणजे प्रथिन, क जीवनसत्त्व, लोह, जस्त. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४५ ग्रॅम प्रथिन हवं, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा हिशेब. बचतगटात बसून आम्ही एका दिवसाचं खाणं लिहून काढलं. सकाळी चहा आणि कधी मुरमुऱ्यांचा सुशीला, दुपारी रानात दोन भाकरी आणि ठेचा, रात्री भाकरी आणि पातळ वरण. ज्वारीत प्रथिन आहे, पण ठेच्यात नाही, आणि वरण बाईच्या पानात येईस्तोवर पाणी उरतं. नुसत्या बेरजेतच पंधरा-वीस ग्रॅमची तूट दिसली. त्यात रक्त कमी. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवलं. फिकट, निस्तेज चेहरा अनेकदा त्याचाच असतो. त्याची लोहाची गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. गावातल्या आशाताई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गोळ्या मी घरपोच देते ताई, पण मळमळतं म्हणून बाया फेकून देतात. ही पावडर मात्र एक दिवस चुकवत नाहीत." मग त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, की गोळी रात्री जेवल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. मळमळ कमी होते आणि लोह अंगी लागतं.

मग डब्याचा हिशेब निघाला. दीड हजारांत अडीचशे ग्रॅमच्या आसपास प्रथिन, तेही अपुऱ्या प्रतीचं. तेवढ्याच पैशात दोनशे अंडी येतात, त्यांत बाराशे ग्रॅम उत्तम प्रथिन. माळकरी घरासाठी दहा-बारा किलो शेंगदाणे, त्यांत अडीच किलोच्या वर. मराठवाड्यात शेंगदाण्याची चटणी प्रत्येक घरी आहे, ती चिमटीने न घेता मूठभर घ्यायची, एवढाच बदल. डाळ पातळ करायची ती सगळ्यांसाठी सारखी करायची. ही शेवटची गोष्ट बोलले तेव्हा बायका हसल्या आणि मग बराच वेळ त्यावरच बोलत राहिल्या. कोण आधी जेवतं, कुणाला तळाचं मिळतं, सासू असताना काय, नसताना काय.

कातडीवर लावायच्या औषधांत कोलॅजन वाढवणारं म्हणून ज्याच्यामागे खरा पुरावा आहे ते म्हणजे ट्रेटिनॉइन. उन्हाने खराब झालेल्या त्वचेत ते नवं कोलॅजन घडवतं, हे १९९३ मध्येच दिसून आलं. ते स्वस्त आहे. पण गरोदरपणात चालत नाही, उन्हात जाणाऱ्या बाईला जपून द्यावं लागतं, म्हणून डॉक्टरच हवा. वांगालाही डॉक्टर, टोपी, रुमाल आणि लोहाच्या ऑक्साइडचा रंग मिसळलेलं सनस्क्रीन लागतं, कारण नुसता उजेडही वांग गडद करतो. हे सगळं सांगायला त्वचारोगतज्ज्ञ किती जवळ आहे, यावर खरं तर सारं अवलंबून. आजवर या जिल्ह्यातली बाई त्यासाठी नांदेडची गाडी धरत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. महाविद्यालय म्हटलं की त्वचाविभाग आला, बाह्यरुग्ण कक्ष आला. त्या कक्षातला एक डॉक्टर आठवड्यातून एकदा कळमनुरीच्या, सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात बसला, बाजाराच्या दिवशी बसला, तर मेडिकलच्या फळीपुढे उभ्या असलेल्या त्या बाईला 'वांग जातंय का' हा प्रश्न दुकानदाराला विचारावा लागणार नाही. ही मागणी बचतगटांनी लेखी करावी असं मी सुचवलं. त्यांनी ठरावाच्या वहीत ती लिहिली.

बैठक उठता उठता डबा आणणाऱ्या त्या सुनेने विचारलं, की अर्धा शिल्लक आहे, त्याचं काय करू? घरात तो खायचा नाही हे तिने ठरवलंच होतं. शेजारची एक मुलगी म्हणाली, आमच्यात चालतं, मला दे, मी निम्मे पैसे देते. मी मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का एवढं तिला विचारून घेतलं. नव्हता. मग भावावर घासाघीस सुरू झाली. सुनेला सातशे हवे होते, मुलगी चारशेच्या वर जायला तयार नव्हती, आणि सासूबाई मधे पडून म्हणत होत्या, पाचशे घे आणि त्याचे शेंगदाणे आण.